राजकारणाचा पट आणि देवांचे स्थलांतर

बुद्धिबळाच्या पटावर राजा असतो, वजीर असतो, हत्ती-घोडे-उंट असतात आणि पुढे प्याद्यांची रांग असते. प्यादी म्हणजे पायदळ. ज्या जमिनीवर हे सैन्य उभे आहे ती कसणारा शेतकरी, त्या जमिनीवरील देऊळ आणि त्या देवळाचे महाजन यांना त्या पटावर कोठेच स्थान नाही. एखादे घर पांढऱ्याकडून काळ्याकडे गेले म्हणून त्या घरात कोणाचे काय झाले, असा प्रश्न खेळणाऱ्यास कधी पडत नाही. आजच्या लेखात आम्हांस ज्या खेळाविषयी लिहावयाचे आहे, तो बुद्धिबळाहून फार विस्तृत आहे. तथापि हा जुना प्रश्न त्यालाही विचारावा लागेल.

संगणकावर खेळल्या जाणाऱ्या 'सिव्हिलायझेशन' या खेळाची पहिली आवृत्ती सिड मायर यांनी १९९१ साली सिद्ध केली. बेळगावच्या तरुणांपैकीही काहींना त्याची गोडी आहे. प्रत्येक खेळाडूने एक राज्य हाती घ्यावयाचे, नगरे वसवावयाची, विद्या संपादन करावयाच्या आणि इतर राज्यांशी युद्ध, तह व व्यापार करीत हजारो वर्षांचा काळ ओलांडावयाचा, असे त्याचे स्वरूप आहे. २००१ साली त्याची तिसरी आवृत्ती निघाली व पुढल्याच वर्षी ती अनेकांनी मिळून खेळण्याची सोय झाली. मग प्रतिपक्षी यंत्र न राहता माणूस झाला आणि खेळास खरा रंग चढला. काही मंडळी तर आपण घेतलेल्या राजाच्या भूमिकेत इतकी शिरतात, की एकमेकांस दरबारी थाटाचे खलिते धाडतात आणि भर सभेत शिष्टाई करावी तशी बोलणी करतात. सौद्याच्या एका बाजूस सोने ठेवावे, दुसऱ्या बाजूस नकाशा, एखादी विद्या, व्यापारी माल किंवा सबंध नगर ठेवावे आणि दोघांची मान डोलली की व्यवहार पुरा. मालाच्या पुरवठ्याचा करार वीस चालींचा असतो. तो मध्येच मोडणाऱ्याची पत जाते.

त्याही पूर्वी, १९८० साली, फ्रान्सिस ट्रेशम या इंग्रज गृहस्थाने याच नावाचा एक पटावरचा खेळ काढला होता. त्यात व्यापार पत्त्यांनी होतो. धान्य, मीठ, कापड अशा मालाच्या पत्त्यांतच संकटांचे काही पत्ते मिसळलेले असतात. देवघेवीत सांगितलेल्या काही पत्त्यांविषयी खरे बोलणे बंधनकारक असते. परंतु त्यांच्याखाली एखादे संकट गुपचूप सरकवून दुसऱ्याच्या गळ्यात बांधण्यास मुभा असते. हा नियम ज्याने बसविला त्याला राजनीतीचे मर्म चांगले उमगले होते, असे आमचे मत आहे.

'हा तर पोरखेळ!' असे म्हणून वडीलधाऱ्यांनी याची हेटाळणी करू नये. या संगणकीय खेळाच्या तिसऱ्या आवृत्तीत सैन्य उभारण्यास जे जिन्नस लागतात, त्यांच्या यादीतील पहिले तीन असे आहेत: घोडे, लोखंड आणि सोरा. आता १५४७ सालचा एक खराखुरा तह पाहा. विजयनगरचे राजे सदाशिवराय आणि गोव्याचे पोर्तुगीज अधिपती जुवांव द कास्त्रो यांच्यात तो झाला. गोव्याच्या बंदरात उतरणारे घोडे विजयनगरने घ्यावेत, विजापुरास एकही जाऊ नये. विजयनगरच्या मुलखातील सोरा आणि लोखंड विजापूरकडे न जाता होन्नावरसारख्या बंदरांत यावे व पोर्तुगिजांनी ते विकत घ्यावे. कापडही आदिलशाही बंदरांकडे न नेता अंकोला व होन्नावर येथे आणावे आणि त्याच्या बदल्यात तांबे, पोवळे, हिंगूळ, पारा व चिनी रेशीम मिळावे. अशा त्याच्या मुख्य अटी होत. तेच तीन जिन्नस आणि प्रतिपक्षाची तशीच कोंडी! साडेचारशे वर्षांनंतर खेळ रचणाऱ्यांस हा तह ठाऊक असेल वा नसेल. राज्ये कशावर उभी राहतात हे मात्र त्यांनी अचूक ओळखले.

या डावातील एक मोहरा आमच्या बेळगावात होता. घाटमाथ्यावरचे हे ठाणे कोकणात उतरणाऱ्या वाटांच्या तोंडाशी आहे. खालून मीठ वर यावे आणि वरून धान्य व कापड खाली जावे, ही या वाटांची जुनी रीत. विजापूरच्या आदिलशाहीत बेळगावची जहागीर असदखान लारी या सरदाराकडे होती. विजापूर, अहमदनगर, विजयनगर आणि गोवा या चारही सत्तांशी त्याचा संबंध होता व त्याला वगळून त्या भागात कोणाचाच डाव पुरा होत नसे. त्याच्याविषयीचा पुरावा मोठा मौजेचा आहे. फेरिस्ता त्यास आपल्या धन्याशी एकनिष्ठ, परंतु धन्याच्या संशयामुळे नाडला गेलेला मुत्सद्दी म्हणून रंगवितो. पोर्तुगीज बखरकार त्यास कारस्थानांचा सूत्रधार म्हणतात. वकिलीच्या धंद्यात एकाच माणसाविषयी दोन साक्षीदारांची अशी परस्परविरुद्ध जबानी आम्ही पुष्कळदा ऐकतो. दोन्ही साक्षीदार प्रामाणिक असू शकतात. ज्याच्या त्याच्या दाराशी तो जो चेहरा घेऊन गेला, तो प्रत्येकाने सांगितला.

इ. स. १५४३ च्या सुमारास विजापूरच्या गादीवर इब्राहिम आदिलशहा होता. त्याच्या घराण्यातील एक राजपुत्र, ज्याला फेरिस्ता अब्दुल्ला म्हणतो आणि पोर्तुगीज मेआले म्हणतात, पोर्तुगिजांच्या आश्रयास गोव्यात आला. गादीवर हक्क सांगणारा माणूस शेजाऱ्याच्या घरात बसलेला असावा, याहून मोठी धास्ती राजास कोणती? त्याने गव्हर्नर मार्तिम अफोंसो द सोझा यास निरोप धाडला: या राजपुत्रास दूर मलाक्केला पाठवा आणि त्याच्या मोबदल्यात बार्देस व साष्टी हे दोन महाल घ्या. गव्हर्नराने महाल घेतले. राजपुत्र मात्र मलाक्केला गेला नाही. हातातले प्यादे कोणी उगाच फेकून देत नाही. या महालांवरून पुढे लढाया झाल्या. १५४७ साली विजापूरच्या विरुद्ध विजयनगरशी वर सांगितलेला तह करणाऱ्या पोर्तुगिजांनी १५४८ साली, गार्सिया द सा याच्या कारकिर्दीत, त्याच विजापूरशी सलोखा केला आणि बार्देस-साष्टी आपल्याकडे कायम करून घेतली. १५५५ साली तोच राजपुत्र पुन्हा पुढे करण्यात आला व विजापूरचा राजा म्हणून त्याच्या नावाची द्वाही फिरविण्यात आली. तोही डाव फसला.

निव्वळ खेळ म्हणून पाहिले तर यात कोणाचीच चाल मूर्खपणाची नव्हती. इब्राहिमाने दोन महाल देऊन गादी राखली. पोर्तुगिजांनी एका पाहुण्याच्या किमतीत दोन सुपीक महाल मिळविले. परंतु कायद्याच्या अभ्यासकास येथे एक गोष्ट खटकते. कराराचे बंधन करार करणाऱ्या दोघांवर असते, तिऱ्हाइतावर त्याचा बोजा पडू नये, हे आमच्या शास्त्रातील जुने तत्त्व आहे. राज्याराज्यांच्या तहात नेमके उलटे घडते. सही दोघांची असते आणि त्याची भरपाई तिसरा करतो.

तो तिसरा म्हणजे बार्देस-साष्टीचा गावकरी. त्याच्यापुढे काय वाढून ठेवले आहे याची चाहूल आधीच लागलेली होती. कारण तिसवाडीतील देवळे १५४० साली पाडली गेली होती. तरीही १५४३ आणि १५४८ च्या सौद्यांच्या ज्या अटी इतिहासकार देतात, त्यांत रहिवाशांच्या देवधर्माविषयी कलम आढळत नाही. १५६० साली गोव्यात धर्मन्यायपीठ स्थापन झाले. १५६७ साली रायतूरच्या कप्तानाने साष्टीतील देवळे उद्ध्वस्त केली. त्यांची संख्या २८० च्या सुमारास सांगितली जाते. पत्त्यांच्या गड्डीत सरकविलेले संकट ते हेच. ते ज्याच्या हाती पडले, तो त्या खेळास बसलेलाच नव्हता.

यापुढचे कथन आमच्या वाचकांस कुळाचारातूनच ठाऊक आहे. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली जुवारी ओलांडून प्रियोळास आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास, वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आणि लोटलीचा रामनाथ बांदिवड्यास आला. हा सारा अंत्रुज महाल त्या वेळी आदिलशाहीतच होता. ज्या राज्याने साष्टी देऊन टाकली, त्याच राज्याच्या उरलेल्या मुलखात साष्टीच्या देवांस आसरा मिळाला, हे सत्य नोंदविण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. सगळेच नदी ओलांडू शकले असेही नाही. एकाच घरातील एक भाऊ देवामागून गेला आणि दुसरा शेताभातासाठी मागे राहिला व त्याचा धर्म बदलला, अशी ताटातूट झालेली घराणी कितीतरी असतील. मागे राहिलेल्यास दोष देण्याचा अधिकार आज कोणालाच नाही.

खेळाच्या कर्त्यांस न्याय द्यावयाचा तर एवढे सांगितले पाहिजे, की त्यांना रहिवाशांचा अगदीच विसर पडलेला नाही. तिसऱ्या आवृत्तीत नगर दुसऱ्या राज्याकडे गेले तरी नागरिकांचे मूळ राष्ट्रीयत्व शिल्लक राहते. ते नव्या सत्तेस विरोध करू शकतात, प्रसंगी नगर पुन्हा मूळ राज्यास मिळू शकते. म्हणजे दोन मार्ग मोकळे आहेत: मानणे किंवा उठणे. आमच्या पूर्वजांनी स्वीकारलेला तिसरा मार्ग मात्र त्या पटावर नाही. त्यांनी बंड केले नाही आणि मानही तुकविली नाही. लिंग आणि मूर्ती उचलून, नदी ओलांडून, परक्या गावात त्यांनी देव बसविला आणि मूळ गावाचे नाव कुळाशी जोडून ठेवले. राजांना जमीन देता-घेता आली; त्या जमिनीवरचे क्षेत्र त्यांना देता आले नाही.

नव्या जागी मूळ धरावयास काळ लागला. पुढे दरबारात वजन असलेल्या भक्तांनी ते काम केले. रामचंद्र मल्हार सुखटणकर यांच्या सूचनेवरून १७३९ साली पेशव्यांनी मंगेशी गाव देवस्थानास दिले. १७६३ साली अंत्रुज महालही पोर्तुगिजांच्या हाती गेला, तेव्हा सौंद्याच्या राजाच्या या मुलखातील देवालये, त्यांची उत्पन्ने आणि लोकांचे आचार यांस धक्का लावणार नाही, असे अभिवचन दिले गेले. काळ पालटला होता, पोर्तुगिजांची ताकदही पूर्वीची उरली नव्हती, हे खरे. परंतु सोळाव्या शतकातील कागदात जे नव्हते ते अठराव्या शतकातील कागदात होते, आणि त्यामुळे दुसऱ्यांदा देव हलवावे लागले नाहीत. एका कलमाचे मोल किती असते, हे याहून स्पष्टपणे आम्हांस दाखविता येणार नाही.

सीमेवर राहणाऱ्यांस हे सांगण्याची फारशी गरज नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपासून बेळगाव-निपाणीच्या माणसाने नकाशावरील रेषेचे अनेक अर्थ अनुभविले आहेत. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. मराठी, कन्नड व कोंकणी बोलणाऱ्या तिघांचीही मुले याच गावात वाढत आहेत आणि रेषा कोठेही पडली तरी त्यांच्या शाळेचे, भाषेचे व देवळाचे काय, हा प्रश्न प्रत्येक वेळी निराळा विचारावा लागतो.

म्हणून हा खेळ खेळणाऱ्या तरुणांस आमची एक सूचना आहे. तुम्ही राजांच्या भूमिका हौसेने वठविता, खलिते लिहिता, घोड्यांच्या बदल्यात लोखंड मागता. ते सारे खुशाल करा, त्यातून इतिहास कळेल. परंतु ज्या वेळी सौद्यात एखादे नगर ठेवाल, त्या वेळी तुमच्यापैकी एकाने आपला मुकुट घटकाभर बाजूस ठेवून त्या नगराच्या महाजनांची भूमिका घ्यावी, त्यांची अट कागदावर लिहवून घ्यावी आणि मगच दोन्ही राजांनी सही करावी. खेळास थोडा वेळ अधिक लागेल. बार्देस आणि साष्टीच्या वाट्यास असा बोलणारा कोणी आला नव्हता.