ऐकू येत नाही म्हणजे नाहीच का?

तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाने मोटारींच्या इतिहासात कशाला शिरावं? तर तिथे आपला एक जुना प्रश्न दडलेला आहे म्हणून.

टेस्लाला एसी मोटारीची पेटंटं 1888 मध्ये मिळाली. इंडक्शन मोटार दणकट, पण तिचा वेग विजेच्या वारंवारितेला बांधलेला. ती बदलायची कशी? 1964 मध्ये शोनुंग आणि स्टेमलर यांनी ब्राउन बोव्हेरीच्या नियतकालिकात एक रीत मांडली. डीसी वीज भराभर चालू-बंद करायची आणि त्या तुकड्यांची रुंदी अशी कमी-जास्त करायची, की मोटारीला जवळजवळ साइन लाटेसारखा प्रवाह मिळावा. आजचे बहुतेक इन्व्हर्टर मुळात हेच करतात.

पण तुकडे ते तुकडेच! प्रवाहात थरथर उरते, तिच्यासोबत चुंबकीय ओढ बदलते, स्टेटर अगदी किंचित आकसतो-फुगतो आणि हवा हलते. थरथर काही शे हर्ट्झची असली, की आपल्याला सूर ऐकू येतो.

जपानच्या केइक्यू रेल्वेने 1998 मध्ये 2100 मालिकेच्या गाड्या आणल्या. त्यांच्या सीमेन्स इन्व्हर्टरमधले जीटीओ स्विच संथ, त्यामुळे आवाज होणारच. मग सुटताना स्विचिंगची वारंवारिता सप्तकासारखी पायरी-पायरीने चढवली, आणि गाडी चक्क गाऊ लागली! पुढे वेगवान आयजीबीटी आले, जुने इन्व्हर्टर बदलत गेले आणि 2021 मध्ये केइक्यूवरचं ते गाणं थांबलं.

कारखान्यातल्या काही ड्राइव्हमध्ये आता स्विचिंग 16 किलोहर्ट्झपर्यंत नेता येतं. पुष्कळ प्रौढांना ते ऐकूच येत नाही. म्हणजे कंपन संपलं?

इथे भाट्ट मीमांसक आठवतात. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून तो नाही असं आपण म्हणतो. कारण असता तर दिसला असता. ही योग्यानुपलब्धी. पण 16 किलोहर्ट्झ टिपायला आपला कानच योग्य नसेल, तर त्याची साक्ष काय कामाची?

शिवाय या शांततेची किंमत आहे. प्रत्येक स्विचिंगला थोडी उष्णता वाया जाते. व्होल्टेजच्या तीव्र चढ-उतारांनी शाफ्टवर विद्युतदाब येतो आणि बेअरिंगमधला ग्रीसचा पातळ थर भेदून ठिणग्या पडतात. स्विचिंग वाढलं की त्यांच्या संधीही वाढतात. कालांतराने बेअरिंगवर चरे उमटतात आणि तेच घरघरू लागतं. एक आवाज घालवला, दुसरा पदरी पडला.

तेव्हा शांत मोटारीपुढे उभं राहून 'मला आवाज येत नाही' एवढंच म्हणावं. 'कंपन नाही' म्हणायचं असेल, तर बेअरिंगवर कंपनमापक लावून बघायला हवं.