प्याल्यातले मिश्रण

गेल्या दिवाळीत अमरावतीत एका माजी विद्यार्थ्याच्या घरी फराळाला जाण्याचा योग आला. मराठी घेऊन एम. ए. झालेला हा मुलगा आता पुण्यात जाहिरातींची भाषा लिहितो. फराळ आटोपल्यावर त्याने व्हिस्की आणि एक इवलीशी बाटली बाहेर काढली आणि आईकडे संत्रे मागितले. आंबिया बहराची वरूड-मोर्शीकडची संत्री नुकतीच बाजारात येऊ लागली होती. "सर, ओल्ड फॅशन्ड करून दाखवतो," तो म्हणाला. मी स्वतः घेत नाही. पण पाहण्यास हरकत नव्हती.

कृती साधीच आहे. पेल्यात चमचाभर साखर घ्यायची, तिच्यावर त्या इवल्या बाटलीतल्या कडू अर्काचे दोन-तीन शिंतोडे द्यायचे आणि थोडे पाणी घालून साखर विरघळवायची. मग साठ मिलिलिटर व्हिस्की आणि बर्फाचा एकच मोठा खडा. सावकाश ढवळून झाले की संत्र्याच्या सालीचा तुकडा पेल्यावर पिळायचा, म्हणजे सालीतले तेल वर तरंगते आणि वास आधी नाकाला भेटतो. आपल्या संत्र्याची साल सैल आणि पातळ असल्यामुळे ती पिळताना फाटत होती, आणि त्यावरून बराच विनोद झाला.

इतिहास पाहू गेल्यास हा प्रकार नावाप्रमाणेच जुना आहे. न्यूयॉर्क राज्यातील हडसन गावच्या एका पत्राने 1806 साली 'कॉकटेल' या शब्दाची व्याख्या छापली, तीत मद्य, साखर, पाणी आणि कडू द्रव्य असे चारच घटक आहेत. पुढे मद्यगृहांतून नाना तऱ्हेची भर पडू लागली, तेव्हा जुनी गिऱ्हाइके 'आम्हांला जुन्या वळणाचेच द्या' म्हणू लागली आणि तेच नाव रूढ झाले. कडू अर्काचा प्रवासही मौजेचा आहे. व्हेनेझुएलातील अँगोस्तुरा येथे झिगर्ट नावाच्या जर्मन डॉक्टरने 1824 मध्ये तो पोटाचे औषध म्हणून सिद्ध केला. औषध पेल्यात कसे शिरते, हे ज्यांच्या घरी द्राक्षासवाची बाटली असते त्यांना वेगळे सांगायला नको.

मिश्रणाची ही विद्या आपल्याला परकी होती असेही नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सुराध्यक्षाचे प्रकरण आहे. त्यात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु यांच्या कृती प्रमाणांसह दिल्या आहेत. मैरेयात मेषशृंगीच्या सालीचा काढा, गूळ, पिंपळी आणि मिरी पडते. ते आंबवलेले पेय आहे, ऊर्ध्वपातित नव्हे. तरी कडू साल आणि गोडवा यांची जोडी ओळखीची वाटते. त्याच प्रकरणात कुटुंबवत्सल गृहस्थांना सणकार्यासाठी श्वेतसुरा आणि औषधासाठी अरिष्ट घरी करण्याची मुभा आहे. घरी पेय सिद्ध करणे ही तिथे मर्यादेत बसवलेली गोष्ट आहे, पाप नव्हे.

मराठी रंगभूमीवर मात्र प्याल्यात काही मिसळले की मरणच ओढवते. खाडिलकरांचे 'विद्याहरण' 1913 चे. त्याचा आधार असलेल्या महाभारतकथेत असुर कचाला जाळून त्याची राख सुरेत कालवतात आणि शुक्राचार्यांना पाजतात. शुद्धीवर आल्यावर शुक्राचार्य ब्राह्मणांना मद्य निषिद्ध ठरवतात. म्हणजे मद्यनिषेधाच्या या जन्मकथेच्या मुळाशीही एक मिश्र पेयच आहे! गडकऱ्यांचा 'एकच प्याला' 1919 मध्ये रंगभूमीवर आला. त्यातल्या सुधाकराचा शेवटचा प्यालाही विष कालवलेला आहे. एरवी तिथे प्याल्यात काय आहे, त्याची चव कशी, याला महत्त्व नाही. महत्त्व आहे ते 'एकच' या शब्दाला. तळीराम हे पात्राचे नाव पुढे सामान्यनाम झाले. रसिकतेने पिणाऱ्यासाठी असा एखादा शब्द आपल्या नाटकांनी रुळवला नाही.

या परंपरेची एक मुळी वऱ्हाडात आहे, हे आमचे विद्यार्थी सहसा विसरतात. गडकरी ज्यांना गुरू मानीत त्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी अकोला, खामगाव आणि जळगाव-जामोद येथे वकिली केली, आणि त्यांचे 'मूकनायक' मद्यपानाच्या दुष्परिणामांवरच आहे. शिष्याचा सुधाकरही वकीलच निघावा, यात मला निव्वळ योगायोग दिसत नाही. सनद, कोर्ट, अपमान आणि मग प्याला: हे नव्या सुशिक्षितांचे दुःख होते, आणि त्याची किंमत सिंधू जात्यावर बसून चुकवीत होती.

याच वऱ्हाडाच्या उत्तरेला मेळघाट आहे. तिथे मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले गळतात. ती वेचून, वाळवून, भिजवून आंबवायची आणि मडक्यातून वाफ धरायची ही कोरकू घराची विद्या. देवाला, लग्नाला, मर्तिकाला ती लागते. इंग्रजी अमदानीत अबकारीचे उत्पन्न सरकारने आपल्याकडे ओढले, तेव्हा घरची भट्टी गुन्हा ठरली, आणि विनापरवाना गाळणे आजही गुन्हाच आहे. कौटिल्याने गृहस्थाला दिलेली मुभा आज ज्याला आहे तो दुकानातून बाटली आणतो, परवाना बाळगतो आणि घरी फक्त मिसळतो. मराठी नाटकातल्या प्याल्याविषयी आम्ही भरभरून शिकवले. मोहाच्या मडक्याविषयी आमच्या वर्गात चकार शब्द निघालेला मला आठवत नाही. त्यात माझाही वर्ग आला.

त्या संध्याकाळी पेला सिद्ध झाला, तेव्हा त्याची आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. उरलेल्या संत्र्याच्या फोडी तिने नातवाच्या हातावर ठेवल्या आणि मुलाला म्हणाली, "संत्रं देल्लं म्या, पन थे घरात नोको बाप्पा. गच्चीवर ने." तो निमूटपणे पेला घेऊन जिना चढला.