आजारी यंत्राची साक्ष : बाहेरून बूट करण्याची सत्तर वर्षे

१/ १९ जुलै २०२४. भारतातील काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती पेनने लिहिलेले बोर्डिंग पास दिले जात होते. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या एका सदोष अपडेटमुळे जगभरची विंडोज यंत्रे कोलमडली होती. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार अशी यंत्रे सुमारे ८५ लाख होती.

२/ यंत्र सुरू होई, निळा पडदा दाखवी आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. दुरुस्तीची आज्ञा ऐकण्याइतकीही उसंत त्याला मिळत नव्हती. अवघ्या काही दिवसांत मायक्रोसॉफ्टने एक साधन उपलब्ध करून दिले. त्याने पेन ड्राइव्ह तयार करायचा, तो यंत्राला जोडायचा, त्यावरून यंत्र बूट करायचे आणि बिघडलेली फाइल काढून टाकायची.

३/ यंत्राला त्याच्या स्वतःच्या प्रणालीवर न चालवता बाहेरच्या माध्यमावरून चालवायचे आणि मग तपासायचे, ही युक्ती संगणकाच्या बालपणाइतकी जुनी आहे. आजचा धागा तिच्याविषयी.

४/ आधी शब्द. स्वतःच्याच बुटांचे पट्टे ओढून स्वतःला जमिनीवरून उचलणे, ही १९व्या शतकातील अमेरिकेत अशक्य कृत्याची उपमा होती. संगणकापुढचा पेच नेमका तोच होता. प्रोग्रॅम मेमरीत आणायला आधी मेमरीत एक प्रोग्रॅम हवा. 'बूट' हा शब्द या 'बूटस्ट्रॅप'चेच संक्षिप्त रूप.

५/ आयबीएमच्या ७०१ या संगणकावर (१९५२) 'लोड' असे एक बटण होते. ते दाबले की छिद्रित पत्त्यांवरून, चुंबकीय फितीवरून किंवा ड्रमवरून पहिला शब्द मेमरीत येई. तो पुढच्या शब्दांना ओढून आणी. आज हार्ड डिस्कला जे स्थान आहे ते तेव्हा कशालाच नव्हते. आरंभाची पहिली आज्ञा आणून द्यावी लागे.

६/ डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या पीडीपी-८ (१९६५) या यंत्रात तर ती बोटांनी भरावी लागे. दर्शनी फलकावरील खटके वर-खाली करून जेमतेम दीड डझन शब्द मेमरीत लिहायचे. तेवढ्या बळावर यंत्र छिद्रित कागदी फीत वाचू लागे.

७/ याच कंपनीच्या निदान-फितींना 'मेनडेक' म्हणत. त्यांच्यामागचा विचार शिडीसारखा होता. आधी सर्वांत साध्या आज्ञा तपासायच्या. त्या खऱ्या उतरल्या की त्यांच्या आधारे अधिक गुंतागुंतीच्या आज्ञा तपासायच्या. मग मेमरी, मग जोडलेली उपकरणे. ज्याची परीक्षा झालेली नाही, त्यावर भिस्त ठेवायची नाही.

८/ १९७१ मध्ये आयबीएमने ८ इंची फ्लॉपी बाजारात आणली, तीही दस्तऐवज साठवण्यासाठी नव्हे. नव्या अर्धवाहक मेमरीतील मजकूर वीज जाताच पुसला जाई. यंत्राचा मायक्रोकोड पुन्हा भरण्यासाठी स्वस्त, टपालाने पाठवता येईल असे माध्यम हवे होते. ती पहिली फ्लॉपी यंत्राला केवळ वाचता येई. तिच्यावर सुमारे ८० किलोबाइट मजकूर मावे.

९/ १९७७ चा व्हॅक्स-११/७८० या मार्गावर आणखी पुढे गेला. मोठ्या संगणकाच्या पोटात एलएसआय-११ हा लहान संगणक बसवलेला होता आणि त्याला स्वतःची फ्लॉपी होती. मोठे यंत्र निपचित पडले तरी हा लहानगा जागा राही, फ्लॉपीवरून निदानाचे प्रोग्रॅम चालवी; टेलिफोनच्या तारेवरून दूरचा तंत्रज्ञही त्याच्याशी बोलू शके.

१०/ पुढे हार्ड डिस्क स्वस्त झाल्या, प्रणाली यंत्राच्या आतच नांदू लागली आणि बाहेरून बूट करण्याची सवय मागे पडू लागली. यातला धोका १९८६ साली उघड झाला. लाहोरच्या बासित आणि अमजद फारूक अल्वी या बंधूंनी लिहिलेला 'ब्रेन' हा विषाणू फ्लॉपीच्या बूट सेक्टरमध्ये, म्हणजे यंत्र सर्वप्रथम वाचते त्याच जागी, ठाण मांडून बसे.

११/ ब्रेनची खरी करामत त्याच्या लपण्यात होती. मूळ बूट सेक्टर तो दुसरीकडे हलवून ठेवी. कोणी बूट सेक्टर वाचू पाहिला की मधेच ती विनंती अडवून तो हलवलेला निरोगी सेक्टर पुढे करी. तपासणाऱ्याला सारे आलबेल दिसे. बाधित यंत्रावर चालणारे तपासणीचे साधनही त्या यंत्राच्याच डोळ्यांनी पाहत होते.

१२/ उपाय जुनाच होता. यंत्र बंद करा. लिहिण्याची खाच चिकटपट्टीने झाकलेली, खात्रीची फ्लॉपी घाला. तिच्यावरून बूट करा आणि मगच तपासा. ती चिकटपट्टी महत्त्वाची. कारण ज्या खिडकीतून वैद्य येत होता, त्याच खिडकीतून रोगही शिरला होता.

१३/ पुढचा विस्तार झपाट्याने झाला. १९९४ मध्ये ख्रिस ब्रॅडी यांचा 'मेमटेस्ट८६' आला. तो ऑपरेटिंग सिस्टिमशिवाय चालतो आणि स्वतः व्यापलेली मेमरी तपासण्यासाठी तिथून उठून दुसरीकडे जाऊन बसतो. १९९५ च्या 'एल तोरितो' मानकाने सीडीवरून बूट करण्याची रीत ठरवून दिली. २००० मध्ये जर्मनीच्या क्लाउस क्नोपर यांनी 'नॉपिक्स' ही हार्ड डिस्कला हात न लावता सीडीवरून चालणारी संपूर्ण लिनक्स प्रणाली दिली.

१४/ सर्व्हर मात्र कुलूपबंद खोल्यांत, अनेकदा दुसऱ्या शहरात असतात. १९९८ मध्ये इंटेल, डेल, एचपी व एनईसी यांनी 'आयपीएमआय' हे मानक मांडले. सर्व्हरच्या बोर्डवरील एक स्वतंत्र लहान संगणक, मुख्य यंत्र बंद असतानाही, त्याची देखरेख करतो. पुढे त्याच मार्गाने शेकडो किलोमीटरवरील सीडीची प्रतिमा सर्व्हरला जणू शेजारीच जोडल्यासारखी दाखवता येऊ लागली. व्हॅक्समधला तो लहानगा नव्या रूपात परतला होता.

१५/ तथापि २०२४ ने एक नवा पेचही दाखवला. अनेक यंत्रांच्या डिस्क कूटबद्ध होत्या. बाहेरून बूट करणाऱ्याला त्या मुद्दामच अपारदर्शक असतात, कारण तो चोरही असू शकतो. त्या उघडायला प्रत्येक यंत्राची ४८ अंकी किल्ली हवी. आणि किल्ल्यांची नोंद ज्या सर्व्हरवर होती, काही ठिकाणी तोच बंद पडलेला होता.

१६/ इतिहासाच्या अभ्यासकाला ही गोष्ट परकी वाटू नये. बखर वाचताना आपण समकालीन पत्रे आणि परकीयांच्या नोंदी शेजारी ठेवतो, कारण दरबाराने स्वतःविषयी दिलेली साक्ष एकटी पुरत नाही. यंत्राचेही तसेच. मात्र बाहेरची साक्ष आणि पेटीची किल्ली ही दोन्ही संकटापूर्वीच, त्या यंत्राच्या बाहेर, जपून ठेवलेली असावी लागतात.