प्रवाळ मत्स्यालयातील नायट्रेट नियंत्रण

प्रवाळ मत्स्यालयातील नायट्रेट नियंत्रण म्हणजे जिवंत प्रवाळ (पोवळे) असलेल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत साठणाऱ्या नायट्रेटचे (NO₃⁻) प्रमाण प्रवाळांना सोसेल अशा मर्यादेत ठेवणे होय. प्रवाळभित्तींवरील उष्णकटिबंधीय समुद्राच्या पाण्यात नायट्रेट अत्यल्प, बहुधा लिटरला ०.१ मिलिग्रॅमपेक्षाही कमी असते. बंदिस्त टाकीत मात्र माशांना रोज खाद्य दिले जाते आणि त्यातील नत्राला बाहेर जाण्याचा मार्ग नसतो. त्यामुळे काही महिन्यांतच हे प्रमाण ५० मिलिग्रॅमच्या वर जाऊ शकते.

== निर्मिती ==

माशांची विष्ठा, त्यांच्या कल्ल्यांतून होणारे उत्सर्जन आणि न खाल्लेले अन्न यांपासून अमोनिया तयार होतो. नायट्रीकरण करणारे सूक्ष्मजीव अमोनियाचे नायट्राइटमध्ये व पुढे नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. नायट्राइटपासून नायट्रेट बनविण्याचे काम नायट्रोबॅक्टर हे जिवाणू करतात असे हौशी पुस्तकांत दीर्घकाळ लिहिले जात असे; परंतु मत्स्यालयांत हे काम प्रामुख्याने नायट्रोस्पायरा गटातील जिवाणू करतात असे १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात दिसून आले. अमोनियाचे ऑक्सिडीकरण करणारे जीव केवळ जिवाणूच नसतात, आर्किया गटातील सूक्ष्मजीवही ते करतात. या गटातील नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस ही जाती २००५ मध्ये प्रथम वेगळी करण्यात आली, तीही सिअ‍ॅटल येथील सार्वजनिक मत्स्यालयाच्या टाकीतील खडीतून.

किती नायट्रेट तयार होईल याचा अंदाज खाद्यावरून बांधता येतो. ४५ टक्के प्रथिने असलेल्या १ ग्रॅम कोरड्या खाद्यात सुमारे ०.०७२ ग्रॅम नत्र असते. ते सर्व नायट्रेटमध्ये गेल्यास ०.३२ ग्रॅम नायट्रेट बनते, म्हणजे २०० लिटरच्या टाकीत लिटरमागे १.६ मिलिग्रॅमची वाढ. रोज एवढे खाद्य दिल्यास आठवड्याला कमाल ११ मिलिग्रॅमची भर पडते. प्रत्यक्षात काही नत्र माशांच्या वाढीत, शैवालात व गाळात अडकत असल्याने वाढ याहून कमी दिसते.

नायट्रेट साठत असताना पाण्याची अल्कताही घटते. लिटरला ५० मिलिग्रॅम नायट्रेट तयार होताना अल्कता सुमारे २.३ जर्मन अंशांनी उतरते. प्रवाळांची वाढ मंदावलेली असूनही अल्कता सतत कमी होत असेल, तर त्यामागे बहुधा हेच कारण असते.

== प्रवाळांवरील परिणाम ==

अमोनियाच्या तुलनेत नायट्रेट माशांना फारसे विषारी नाही. प्रवाळांवर त्याचा परिणाम त्यांच्या ऊतींत राहणाऱ्या झूझँथेली या सहजीवी शैवालांमार्फत होतो. मुबलक नत्र मिळाल्यावर या शैवालांची संख्या वाढते, निळ्या-जांभळ्या छटा झाकल्या जाऊन प्रवाळ तपकिरी दिसू लागतो आणि शैवालांनी तयार केलेल्या अन्नाचा अधिक वाटा त्यांच्या स्वतःच्या वाढीत खर्च होतो. काही जातींमध्ये सांगाड्याची वाढ मंदावल्याचेही आढळले आहे. बाहेर केसाळ शैवाल फोफावून प्रवाळांची जागा व्यापते, हा निराळा त्रास.

येथे फॉस्फेटकडे दुर्लक्ष करून चालत नाही. साउदॅम्प्टन विद्यापीठातील यॉर्ग वीडनमान व सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये असे दाखविले की, नायट्रेट भरपूर आणि फॉस्फेट अपुरे अशा पाण्यात प्रवाळ उष्णता व प्रखर प्रकाशाला अधिक बळी पडून पांढरे पडतात. शैवालांना फॉस्फरसची उपासमार घडणे हे त्याचे कारण होते. त्यामुळे वाढलेल्या नायट्रेटने घाबरून फॉस्फेटशोषक माध्यम टाकीत घालणे हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा घातक ठरू शकतो.

शून्य नायट्रेट हेही उद्दिष्ट नव्हे. समुद्रात प्रवाळांना प्लवकांच्या रूपाने नत्राचा अखंड पुरवठा होतो, टाकीत तो नसतो. म्हणून हौशी पालक साधारणतः २ ते १० मिलिग्रॅम ही पातळी सोयीची मानतात. मऊ प्रवाळ याहून अधिक नायट्रेटही सोसतात. दोन्ही पोषके पूर्ण संपलेल्या टाक्यांत ऑस्ट्रिऑप्सिससारख्या डायनोफ्लॅजेलेटांचा चिकट तपकिरी थर माजल्याचे अनेकांनी अनुभवले आहे.

== मापन ==

उपाय करण्यापूर्वी मोजमापाची खात्री करणे आवश्यक असते. काही संच ‘नायट्रेट’ दाखवितात, तर काही ‘नायट्रेटमधील नत्र’. दुसऱ्या आकड्याला ४.४३ ने गुणल्यावर पहिला मिळतो. ५ आणि २२ हे एकाच पाण्याचे आकडे असू शकतात. बहुतेक संचांत नायट्रेटचे आधी नायट्राइटमध्ये क्षपण करून रंग पाहिला जातो. त्यामुळे पाण्यात मुळातच नायट्राइट असल्यास आकडा फुगतो व नव्या टाकीतील वाचन विश्वसनीय राहत नाही.

== नियंत्रणाच्या पद्धती ==

पाणी बदलणे ही सर्वांत जुनी व सर्वांत कमी धोक्याची पद्धत होय. मात्र तिचे गणित अनेकदा चुकीचे गृहीत धरले जाते. २० टक्के पाणी बदलल्यास ५० चे ४० होते, पुढच्या वेळी ३२ आणि मग २५.६. दरम्यान नवे नायट्रेट तयार झाले नाही तरी १० पर्यंत उतरण्यास आठ वेळा पाणी बदलावे लागते. दर आठवड्याला २ मिलिग्रॅमची भर पडणाऱ्या टाकीत १० टक्के पाणी बदलत राहिल्यास पातळी अखेरीस २० च्या आसपास स्थिरावते आणि कितीही महिने गेले तरी त्याखाली जात नाही. म्हणून खाद्य कमी करणे, गोठविलेले खाद्य धुऊन देणे, माशांची संख्या आवरणे आणि गाळणीतील स्पंज वारंवार धुणे हे उपाय पाणी बदलण्याच्या जोडीने करावे लागतात. नवे पाणी बनविताना नळाच्या वा विहिरीच्या पाण्याऐवजी व्युत्क्रम परासरणाने (आर.ओ.) व आयन-विनिमयाने शुद्ध केलेले पाणी वापरतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला ४५ मिलिग्रॅमपर्यंत नायट्रेट चालते. म्हणजे पिण्यास योग्य पाणीही प्रवाळांच्या टाकीस अयोग्य असू शकते.

विनायट्रीकरणात ऑक्सिजन नसलेल्या जागी राहणारे जिवाणू नायट्रेटचे नत्रवायूत रूपांतर करतात. सच्छिद्र जिवंत खडकाचा गाभा आणि दहा सेंटिमीटरहून जाड वाळूचा थर या त्यासाठीच्या नैसर्गिक जागा होत. जाकार्ता येथील ली चिन एंग यांची केवळ हवेचे बुडबुडे, जिवंत खडक व सूर्यप्रकाशावर चालणारी टाकी १९६१ मध्ये प्रसिद्धीस आली. फ्रेंच जीवशास्त्रज्ञ झाँ जोबेर यांनी पुढे वाळूखाली पाण्याचा मोकळा कप्पा ठेवण्याची पद्धत विकसित केली. जुना जाड थर उकरल्यास हायड्रोजन सल्फाइड मुक्त होऊन मासे मरू शकतात. असा थर एकदम काढू नये. गंधकाच्या गोळ्या भरलेल्या संयंत्रातून पाणी अतिशय संथ गतीने सोडण्याची पद्धतही प्रभावी आहे, पण ती अल्कता कमी करते. म्हणून बाहेर पडणारे पाणी चुनखडीयुक्त खडीतून नेतात.

शैवाल वाढवून ते नियमितपणे कापून फेकल्यास नायट्रेट व फॉस्फेट दोन्ही बाहेर जातात. स्मिथसोनियन संस्थेत वॉल्टर एडी यांनी शैवाल-गाळणीचा वापर केला. घरगुती टाक्यांत खालच्या स्वतंत्र कप्प्यात कीटोमॉर्फा हे गुंतागुंतीच्या दोऱ्यासारखे शैवाल दिव्याखाली वाढवितात.

कार्बन देण्याच्या पद्धतीत व्होडका किंवा व्हिनेगर अत्यल्प मात्रेत पाण्यात घालून जिवाणूंची वाढ घडविली जाते. हे जिवाणू नायट्रेट व फॉस्फेट शोषतात आणि प्रोटीन स्किमरच्या फेसाबरोबर बाहेर पडतात. ४० टक्के अल्कोहोलच्या व्होडकाची सुरुवात १०० लिटरला दिवसाला सु. ०.१ मिलिलिटरने करून मात्रा हळूहळू वाढवितात. फॉस्फेट संपलेले असल्यास जिवाणूंची वाढ खुंटते व मात्रा वाढवूनही नायट्रेट हलत नाही. घाईने मात्रा वाढविल्यास पाणी दुधाळ होते, रात्री ऑक्सिजन घटतो आणि सर्वप्रथम मासे दगावतात. चांगला स्किमर नसलेल्या टाकीत ही पद्धत वापरू नये.

कोणतीही पद्धत निवडली तरी दीर्घकाळ उच्च नायट्रेटमध्ये राहिलेल्या प्रवाळांसाठी पातळी आठवड्यांच्या अवधीत उतरविणे इष्ट असते. अचानक घट झाल्यास लहान पॉलिपांच्या कठीण प्रवाळांची ऊती बुडापासून सोलवटू लागते. हा प्रकार बहुधा अल्कता जास्त असलेल्या टाक्यांत दिसतो.

== भारतातील स्थिती ==

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ खाली भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना संरक्षण असल्याने देशाच्या समुद्रातून, मालवणच्या खडकांवरूनही, प्रवाळ किंवा त्यांचे सांगाडे काढता येत नाहीत. भारतीय पालकांनी जिवंत खडकाऐवजी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र तुकडे वा कृत्रिम खडक वापरणे त्यामुळेच योग्य ठरते. अशा टाकीत विनायट्रीकरण करणारे जिवाणू स्थिरावण्यास अनेक महिने लागतात आणि तोवर नायट्रेटचा भार पाणी बदलण्यावर व शैवालावरच राहतो.