सभेची परवानगी

स्मरणिकेच्या संपादिकाबाईंनी मंडळाच्या व्याख्यानांचा इतिहास लिहून मागितला, तेव्हा मी कपाटातील इतिवृत्ताच्या जुन्या वह्या काढून बसले. वाचता वाचता वाटले की, नांदेड-लातूरकडच्या बायकांनी सतरंजी अंथरून चार प्रश्नांवर उघड बोलावे, ही गोष्ट आपण समजतो तितकी साधी नव्हती. तिचा इतिहास आपल्या वह्यांच्या बराच मागे जातो. म्हणून आरंभ तेथूनच करते.

आपला भाग 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. आजचा लातूर जिल्हा तेव्हा नव्हता; तो 1982 साली उस्मानाबादेतून वेगळा झाला. त्या राज्यात सभा भरवायची म्हणजे आधी सरकारची परवानगी हवी. 1929 साली निघालेले हे फर्मान ‘गश्ती निशाण 53’ म्हणून प्रसिद्ध आहे. आमच्या सासूबाईंच्या पिढीला ‘गश्ती’ हा शब्द चांगला ठाऊक होता. एखाद्या सुनेला माहेरी जाण्यास मनाई झाली, तर ‘तुझ्यावर गश्ती लागली काय गं?’ असे त्या थट्टेने म्हणत. खाजगी शाळा आणि तालमी यांनाही असेच निर्बंध होते. सभेचे दार बंद झाल्यावर लोकांनी बोलण्याच्या दुसऱ्या जागा धरल्या. कीर्तन, गणेशोत्सवातले मेळे आणि वाचनालय हीच त्या काळची सभागृहे. बायकांना तीही पुरती खुली नव्हती. त्या कीर्तनाला बाजूला बसत आणि ऐकलेले घाटावर धुणे धुताना एकमेकींना सांगत.

गश्तीच्या आधीची एक सभा मात्र आपण स्मरणात ठेवली पाहिजे. नोव्हेंबर 1921 मध्ये हैदराबादेत सामाजिक सुधारणेची परिषद भरली. अध्यक्ष होते महर्षी धोंडो केशव कर्वे. स्त्रियांच्या विद्यापीठाची स्थापना करून त्यांना अवघी पाच वर्षे झाली होती. अशा परिषदेत अलमपल्ली वेंकट रामाराव हे वकील तेलुगूत बोलावयास उठले, तेव्हा श्रोत्यांनी गलबला करून त्यांना बोलू दिले नाही. त्या श्रोत्यांत आपले मराठी लोक पुष्कळ होते. सुधारणेच्या मांडवात बसून शेजाऱ्याच्या भाषेची टवाळी करावी, हे मला तरी लाजिरवाणे वाटते. अपमान झालेल्या मंडळींनी लगोलग आंध्र जनसंघ काढला. त्यातून पुढे आंध्र महासभा उभी राहिली, आणि 1930 साली जोगीपेठला तिचे पहिले अधिवेशन झाले तेव्हा तेथेच स्त्रियांचीही निराळी परिषद भरली. नडिंपल्ली सुंदरम्मा तिच्या अध्यक्षा होत्या. आपल्याकडच्या भगिनींना असा मंच मिळण्यास वेळ लागला, हे कबूल केले पाहिजे.

मराठवाड्यात महाराष्ट्र परिषद 1937 साली परतूरला भरली. दुसरे अधिवेशन 1938 साली लातूरला आणि तिसरे 1941 साली आपल्या नांदेड जिल्ह्यात, उमरीला. लातूरचे अधिवेशन झाले त्याच वर्षी हैदराबाद स्टेट काँग्रेसवर, ती स्थापन होण्याआधीच, बंदी आली. मग ऑक्टोबरात सत्याग्रह सुरू झाला. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर मोमिनाबादेस, म्हणजे अंबाजोगाईस, मुले शिकवीत असलेले स्वामी रामानंद तीर्थ त्यात तुरुंगात गेले. बंदी उठली ती 1946 साली. हा इतिहास 17 सप्टेंबरला आपण दर वर्षी ऐकतो, तेव्हा येथे आवरते घेते.

जो ऐकत नाही तो सांगते. मक्रणपूरला 30 डिसेंबर 1938 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या उपस्थितीत दलितांची परिषद झाली. पुढे 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांची परिषद झाली. तिलाही बाबासाहेब आले. तडवळे बार्शी लाइट रेल्वेच्या वाटेवर, लातूरहून फार लांब नाही. आमच्या घरी त्या छोट्या गाडीच्या गोष्टी पुष्कळ निघत, कोण कुठे चढला, कुणाची टोपी उडाली, सगळे निघे. तडवळ्याच्या परिषदेचे नाव मात्र कधी निघाले नाही. वतन म्हणजे मान, असे आपण पाटील-देशमुखांच्या घरांवरून समजतो. तेथे जमलेल्यांचे वतन निराळे होते. गावाने हाक मारली की रात्री-अपरात्री धावायचे, निरोप पोचवायचे, मेलेले ढोर ओढायचे, आणि मोबदला म्हणून खळ्यावर जे पदरात पडेल ते घ्यायचे. त्या माणसांना सभेसाठी सरकारची परवानगी तर हवीच होती. शिवाय गावाची नाराजीही पत्करावी लागत होती.

आता वहीकडे येते. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्या जळाल्या. आपल्या जिल्ह्यात टेंभुर्णीला 4 ऑगस्टला पोचिराम कांबळे यांचा खून झाला. त्या ऑगस्टची पाने मी दोनदा वाचली. मंगळागौर आहे, भरतकामाच्या वर्गाची वर्गणी आहे. टेंभुर्णीविषयी एक ओळ नाही. मी तेव्हा नवी सभासद होते. एका बाईंनी विषय काढला, तर दुसरीने ‘हे आपल्या मंडळाचे काम नव्हे’ म्हटले, आणि मी मान हलविली. तेव्हा कोणत्याही सरकारची गश्ती आमच्यावर नव्हती.

नामविस्तार 14 जानेवारी 1994 रोजी झाला. त्याआधी 25 नोव्हेंबर 1993 रोजी नांदेडात गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले होते. यावेळी वहीत नोंद आहे, तीन ओळींची.

त्याच वर्षीच्या 30 सप्टेंबरला किल्लारीचा भूकंप झाला. सात हजारांहून अधिक माणसे गेली. घरे पुन्हा उभी करण्याच्या कामात लातूर-उस्मानाबादच्या खेड्यांतील महिला मंडळांना स्थान मिळाले, आणि ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या मार्गदर्शनाखाली बायका ‘संवाद सहाय्यक’ झाल्या. पैशाचे हप्ते कसे मिळतात, भिंत कशी बांधावी, हे त्या गावाला समजावून सांगत. पुरुषांसमोर कधी तोंड न उघडलेल्या बायका चावडीत इंजिनिअरला प्रश्न विचारू लागल्या. पुढे कायद्यात दुरुस्ती होऊन ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याचे बंधन आले. ती सभा पुष्कळ ठिकाणी कागदावरच उरकते, हेही खरे.

गेल्या वर्षी आपल्या व्याख्यानाला पलीकडच्या वस्तीतील काही भगिनी आल्या आणि दाराशीच बसल्या. पुढे या म्हटले तरी उठेनात, तेव्हा आपल्या अध्यक्षाबाई स्वतःच सतरंजी उचलून दाराकडे घेऊन गेल्या आणि व्याख्यान तेथेच झाले. शेवटी त्यांतील एकीने विचारले, ‘आमच्या नळाला तिसऱ्या दिवशी पाणी, तुमच्याला रोज, असे का?’ वक्त्यांजवळ उत्तर नव्हते. प्रश्न वहीत शब्दशः उतरविला आहे. अर्ज कचेरीत दिला असून त्याची पोच वहीला टाचून ठेवली आहे.