चौथीनंतरच्या भाकरीचा प्रश्न

मुलांकडून शाळेत काम करून घ्यावे की नाही? ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या काही शिक्षकमित्रांबरोबर आमची बैठक चालू होती. तेथे हा प्रश्न निघाला तो एका पालकाच्या तक्रारीवरून. 'पोराला शिकायला पाठवतो, वर्ग झाडायला नाही,' असे त्यांनी वर्गशिक्षिकेला सुनावले होते. हे वडील इस्टेटमधल्याच एका लहान कारखान्यात लेथवर काम करतात. दिवसभर अंगमेहनत करणाऱ्या माणसाला आपल्या मुलाने हातात झाडू घेऊ नये असे वाटते, यात नवल नाही. बैठकीतल्या निम्म्या शिक्षकांना त्यांचे म्हणणे पटले, निम्म्यांना पटले नाही. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि वागळे इस्टेट ही त्याची पहिली वसाहत. कोकणातून आणि सातारा-सांगलीकडून माणसे येथे पोटासाठी आली. त्यामुळे बोलता बोलता विषय साताऱ्यावर जावा हे ओघाने आलेच. 'मग भाऊरावांच्या बोर्डिंगात मुले दळण दळत होती, ते काय होते?' असे कोणीतरी विचारले. त्या प्रश्नाचा आम्ही नंतर थोडा पाठपुरावा केला. हा लेख त्यातूनच तयार झाला.

आधी मुळात बोर्डिंग लागत का होते, ते पाहू. शंभर वर्षांपूर्वी खेड्यात शाळा असली तरी ती बहुधा मराठी चौथीपर्यंत असे. पुढे 'इंग्रजी पहिली'त जायचे तर तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी जावे लागे. हायस्कूलची फी हा अडथळा होताच. परंतु त्याहून मोठा अडथळा अगदी साधा होता: दहा-बारा वर्षांच्या मुलाने परगावी राहायचे कोठे आणि जेवायचे कोणाकडे?

ब्राह्मण समाजातल्या गरीब मुलांसाठी या प्रश्नाचे एक उत्तर पूर्वापार तयार होते. माधुकरी मागावी, किंवा वार लावावेत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या घरी, अशी सात घरे ठरली की आठवड्याची सोय झाली. अपमान गिळावे लागत, कधी उपाशी राहावे लागे, हे खरे. पण या व्यवस्थेवर कित्येक विद्वान शिकून मोठे झाले. आज आपण जिला शिष्यवृत्ती म्हणतो तिचेच हे घरगुती रूप होते असे म्हणायला हरकत नाही. मात्र ती मिळायची तर जात जुळावी लागे. कुणब्याच्या, धनगराच्या, मुसलमानाच्या मुलाला पंक्तीला कोण घेणार? महाराच्या आणि मांगाच्या मुलाला तर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकता येत नव्हते. म्हणजे चौथीनंतर ही मुले गळत, ती बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. त्यांची गाडी भाकरीपाशी अडत होती.

ही गोष्ट कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी नेमकी ओळखली. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले. त्याच वर्षी जैन बोर्डिंग, १९०६ साली मुस्लिम बोर्डिंग, १९०८ साली अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग, अशी एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. जातिभेद मोडायला निघालेल्या राजाने जातवार बोर्डिंगे का काढावीत, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. विचारावाच. उत्तर व्यवहारात आहे. ज्या त्या समाजातल्या सधन माणसांच्या खिशाला हात घालायचा, तर 'आपल्या मुलांसाठी' असे म्हणणे भाग होते. शिवाय पालकही मुलाला एकत्र पंक्तीत पाठवायला तयार नव्हते. आम्हांला हा मार्ग त्या काळापुरता योग्य वाटतो. पण तो अर्धाच होता, हेही खरे.

उरलेला अर्धा मार्ग चालणारा माणूस याच कोल्हापुरात, जैन बोर्डिंगात राहत होता. भाऊराव पायगोंडा पाटील यांचा जन्म २२ सप्टेंबर १८८७ रोजी कुंभोज येथे झाला. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले आणि परत आल्यावर आंघोळ करायला नकार दिला, म्हणून त्यांना जैन बोर्डिंग सोडावे लागले, ही हकीकत त्यांच्या चरित्रांत येते. त्यांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकच्या अलीकडेच थांबले. पुढे किर्लोस्करांच्या लोखंडी नांगरांचे विक्रेते म्हणून ते गावोगाव हिंडले. शेतकऱ्याच्या घरात कोण शिकते आणि कोण गुरांमागे जाते, हे त्यांनी या फिरतीत जवळून पाहिले. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. १९२४ साली साताऱ्यात बोर्डिंग सुरू झाले. २५ फेब्रुवारी १९२७ रोजी महात्मा गांधींच्या हस्ते त्याला 'श्री छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस' असे नाव देण्यात आले.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हे बोर्डिंग म्हणजे शाळा नव्हती. मुले शिकायला शहरातल्या शाळांत जात आणि परत बोर्डिंगात येत. बोर्डिंगाने द्यायचे ते शाळेआधीचे आणि शाळेनंतरचे: निवारा, जेवण, अभ्यासाची वेळ आणि सोबत. इंग्लंडमध्ये 'प्रिपरेटरी स्कूल' म्हणून एक प्रकार असतो. आठ ते तेरा वर्षांच्या मुलांना ईटन, हॅरो यांसारख्या शाळांसाठी तयार करणाऱ्या या शाळा. त्यांच्या धर्तीवरची निवासी शाळा पाहायला साताऱ्याच्या मुलाला फार लांब जावे लागले नसते. पन्नासएक किलोमीटरवर, त्याच जिल्ह्यात, पाचगणीच्या थंड हवेत १८९५ साली सेंट जोसेफ कॉन्व्हेंट आणि १९०४ साली सेंट पीटर्स या शाळा निघाल्या होत्या. (फ्रेडी मर्क्युरी या नावाने पुढे जगभर गाजलेला गायक सेंट पीटर्सचाच विद्यार्थी.) तेथे मूल येताना घरून तयारीनिशी येई: भाषा, कपडे, फी, सारे बरोबर. साताऱ्याच्या बोर्डिंगात येणाऱ्या मुलाला मात्र नव्या जगात टिकायची तयारी पहिल्यापासून करावी लागे, आणि तीही स्वतःच्या हातांनी.

बोर्डिंगात स्वयंपाक, दळण, पाणी भरणे, झाडलोट ही कामे मुलेच करीत. धनिणीच्या बागेत बोर्डिंग आले तेथे आणि पुढे संस्थेच्या जमिनींवर शेतीकामही आले. 'स्वावलंबी शिक्षण' हे संस्थेचे ब्रीद. ऐकायला ते भारदस्त वाटते, पण त्याचा रोजचा अर्थ काय होता हे समजायला थोडे गणित करून पाहू या. वर्गात करायलाही ते चांगले आहे.

समजा, एका वसतिगृहात पन्नास मुले आहेत. वाढत्या वयाच्या मुलाला दिवसाला ज्वारीचे ४०० ग्रॅम पीठ लागते असे धरू. म्हणजे रोज २० किलो पीठ झाले. एका जात्यावर तासाला तीन किलोच्या आसपास दळले जाते असे मानले, तर हे दळण एका जात्यावर सात तास चालेल. चार जाती मांडली आणि प्रत्येकावर दोन मुले बसवली, तर पावणेदोन तासांत काम आटपेल, पण त्यासाठी आठ मुले लागतील. एका भाकरीला १०० ग्रॅम पीठ धरले तर दोनशे भाकरी थापायच्या आणि भाजायच्या. त्यासाठी सरपण, तव्यांची संख्या, पाळ्या. शाळा अकराची असेल तर पहिले जाते किती वाजता फिरले पाहिजे? आकडे आमचे आहेत, बोर्डिंगाच्या वहीतले नव्हेत. ते बदलून पाहावेत. परंतु कामाचे वाटप, पाळी आणि वेळ हे सारे किती काटेकोर असावे लागते, ते या हिशेबातून डोळ्यांसमोर उभे राहते.

आता आहाराकडे पाहू. ४०० ग्रॅम ज्वारीच्या पिठातून सुमारे १४०० किलोकॅलरी ऊर्जा मिळते. तेरा-चौदा वर्षांच्या कष्टाळू मुलाची गरज अडीच हजारांच्या पुढे असते. उरलेली ऊर्जा डाळ, तेल, गूळ, शेंगदाणे यांतून यायला हवी. शिवाय ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन हे आवश्यक अमिनो आम्ल कमी असते. डाळींत ते भरपूर असते, तर डाळींत कमी असलेले मिथिओनिन धान्यातून मिळते. म्हणून भाकरीबरोबर घट्ट आमटी असली की दोहोंची उणीव भरून निघते. आमटी पातळ झाली की मुलाचे पोट भरते, वाढ मात्र खुंटते. गरिबांच्या वसतिगृहात सर्वांत आधी पातळ होते ती आमटीच! बोर्डिंग चालवणाऱ्याची खरी परीक्षा तिथे असते.

पण या जेवणात जीवनसत्त्वांपेक्षाही मोठी गोष्ट घडत होती. मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन अशी मुले एकाच पंक्तीत बसत होती, आणि भाकरी थापणारे हातही त्यांचेच होते. अस्पृश्यता ज्या ठिकाणी सर्वांत घट्ट रुतलेली असते, ती ठिकाणे म्हणजे पाणी आणि शिजलेले अन्न. वर्गात शेजारी बसणे एक वेळ घरी सांगता येते. महाराच्या मुलाने भरलेल्या घागरीचे पाणी पिऊन त्याने भाजलेली भाकरी खाल्ली, हे सांगणे वेगळे. म्हणून कामाच्या पाळ्या हा केवळ पैसे वाचवण्याचा उपाय नव्हता. बोर्डिंगात आचारी ठेवला असता, तर तो कोणत्या जातीचा हा प्रश्न आलाच असता. मुलांनीच पाळीने स्वयंपाक केल्यावर तो प्रश्न चुलीतच जळाला.

इथे 'नयी तालीम'ची आठवण होणे साहजिक आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला परिषद भरली आणि डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने हस्तोद्योगातून शिक्षणाची योजना आखली. दोहोंत गल्लत केली जाते. वर्ध्याच्या योजनेत टकळी फिरवता फिरवता गणित आणि भूगोल शिकायचा होता. उद्योग हे शिकवण्याचे माध्यम होते. साताऱ्यात जात्यावरून कोणी भूगोल शिकवत नव्हते. काम करायचे ते शिकता यावे म्हणून, आणि काम सर्वांनी करायचे म्हणून. सिद्धान्त म्हणून वर्ध्याची योजना अधिक नेटकी होती. टिकली आणि फोफावली ती साताऱ्याची.

मग हे बालमजुरीहून वेगळे कसे? आमच्या मते तीन गोष्टी पाहाव्यात. कामाचे फळ कोणाच्या ताटात पडते? बोर्डिंगात ते करणाऱ्याच्याच ताटात पडत होते. काम जातीवरून वाटले जाते का? नाही, पाळीवरून. आणि कामापायी शाळा बुडते का? कामच शाळेसाठी होते. आजच्या एखाद्या शाळेत झाडू नेहमी ठरावीक मुलांच्या, किंवा फक्त मुलींच्या हाती येत असेल, तर त्याला श्रमसंस्कार म्हणण्यात अर्थ नाही. त्या पालकांची तक्रार तेथे रास्तच ठरेल. तरीही साताऱ्याचे चित्र गुळगुळीत करू नये. पहाटे दळून, पाणी भरून शाळेत गेलेला मुलगा आणि झोप पुरी करून आलेला वकिलाचा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेला बसत होते. परीक्षेत त्या थकव्याचे गुण कोणी देत नव्हते.

शिवाय सगळेच श्रम पाळीने वाटले गेले नव्हते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई सोवळेओवळे पाळणाऱ्या वातावरणातून आलेल्या. त्यांनी आधी स्वतःचे मन बदलले आणि मग सर्व जातींच्या मुलांचे आईपण पत्करले. बोर्डिंगात धान्य संपले तेव्हा दागिने गेले, शेवटी मंगळसूत्रही गेले, ही कथा पाठ्यपुस्तकांतून आपल्याला ठाऊक असते. दागिन्यांचे मोल सोनाराकडे तरी होते. आजारी मुलाच्या उशाशी बसणे, नव्याने आलेल्या रडव्या पोराला जेवू घालणे, यांची किंमत कोणत्या जमाखर्चात लिहायची? १९३० साली त्या गेल्या. आज निवासी आश्रमशाळांबद्दल बोलताना आपण इमारत, अनुदान आणि निकाल पाहतो. रात्री मूल रडले तर उठणारे माणूस कोण, हे क्वचितच विचारतो.

पुढचा विस्तार थोडक्यात सांगतो. १९३५ साली साताऱ्यात सिल्व्हर ज्युबिली रुरल ट्रेनिंग कॉलेज निघाले. तेच पुढे महात्मा फुले अध्यापक विद्यालय झाले. बोर्डिंगात शिकलेली मुले शिक्षक होऊन खेड्यांत परतण्याची वाट त्यामुळे तयार झाली. १९४० साली महाराजा सयाजीराव हायस्कूल सुरू झाले. फीऐवजी श्रम घेणारे हे निवासी हायस्कूल 'कमवा आणि शिका' योजनेचे मूळ मानले जाते. १९४७ साली छत्रपती शिवाजी कॉलेज निघाले. शाहू बोर्डिंगात वाढलेले पी. जी. पाटील बॅरिस्टर झाले आणि शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९४८ साली मुंबई सरकारशी मतभेद होऊन संस्थेचे अनुदान थांबले, तेव्हा गाडगे महाराजांनी मुख्यमंत्री बाळासाहेब खेरांकडे शब्द टाकला आणि पुढे ते पूर्ववत झाले. ९ मे १९५९ रोजी भाऊराव गेले.

वर्गात हा विषय घ्यायचा असेल तर जात्याचे गणित झाल्यावर आपल्याच शाळेच्या पोषण आहाराकडे वळता येईल. सहावी ते आठवीच्या मुलाला रोज १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ हे प्रमाण ठरलेले आहे. म्हणजे दोनशे मुलांना ३० किलो तांदूळ आणि ६ किलो डाळ. शहरांत बऱ्याच ठिकाणी हे अन्न मध्यवर्ती स्वयंपाकगृहातून शिजून येते. त्यामुळे मुलांना वाढणारा डाव तेवढा दिसतो, चूल दिसत नाही. ती पाहायला एकदा मुलांना घेऊन जावे. तांदूळ कोण धुते, किती वाजता भात चढतो, पातेली कोण घासते आणि त्यांना महिन्याला काय मिळते, याची नोंद मुलांनी स्वतः करावी. मग शाळेत परत येऊन, जेवताना कोण कोणाशेजारी बसते, याचाही एक तक्ता आठवडाभर ठेवून पाहावा.