फोन आहे, पण त्याला मराठी वाचता येतं का?

समजा, तुम्ही फील्डवर्कसाठी नेवासा तालुक्यातल्या घोडेगावला गेलात. कांदा मार्केटच्या गर्दीतून वाट काढत शाळेत पोचलात आणि अंध विद्यार्थ्याच्या हातात स्मार्टफोन दिसला. प्रश्नावलीत ‘साधन उपलब्ध: होय’ अशी खूण करून मोकळं व्हावंसं वाटेल. जरा थांबा. त्याला दिलेलं मराठी पुस्तक तो फोन वाचतो का, ते विचारा. हा प्रश्न फोनपेक्षा बराच जुना आहे.

नगर जिल्ह्यातही काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या अ‍ॅना मिलार्ड यांनी १९०० साली मुंबईत अंध मुलांसाठी शाळा काढली. ब्रेलचे सहा ठिपके तोवर भारतात आले होते. पण कुठले ठिपके म्हणजे कुठलं अक्षर, यावर एकमत नव्हतं. शिरेफ, ओरिएंटल, नीलकंठराय, शाह, म्हैसूर अशा कितीतरी पद्धती चालत. एक पद्धत शिकलेल्या मुलाला दुसऱ्या पद्धतीचं पुस्तक मिळालं, तर बोटांखाली नुसते ठिपके! अखेर १९५१ मध्ये युनेस्कोच्या मदतीने भारती ब्रेल ठरली. तिच्यात अक्षराचा आकार सोडून उच्चार धरला आहे. इंग्रजी ‘के’चे १ आणि ३ हे ठिपके मराठीत ‘क’, बंगालीतही ‘क’. ‘कि’ लिहिताना आधी क, मग इ. वेलांटी आधी काढणारे आपणच उलटे, असं मला तरी वाटतं.

संगणकावर हाच घोळ पुन्हा झाला. १९९१ मध्ये युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरी आली, तरी आपल्याकडे छपाईचे जुने फॉन्ट वर्षानुवर्षं टिकले. त्यात पडद्यावर ‘क’ दिसतो, पण फाइलमध्ये साठवलेलं असतं भलतंच रोमन अक्षर नाहीतर चिन्ह. स्क्रीन रीडर अक्षराचा आकार बघत नाही, साठवलेला संकेत वाचतो. त्यामुळे मोफत मिळणारा एनव्हीडीए असो की फोनमधला टॉकबॅक, अशी फाइल उघडली की नुसती बडबड ऐकू येते. स्कॅन केलेलं पान तर निव्वळ चित्र. ओसीआर केल्याशिवाय त्यातून शब्द निघत नाहीत.

म्हणून खूण करण्याआधी वर्गात दिलेली एखादी फाइल मागून घ्या. त्यातला परिच्छेद कॉपी करून साध्या नोटपॅडमध्ये टाका. अक्षरं मराठीच राहिली, तर पुढे जा. रोमन अक्षरांचा चिवडा झाला, तर तीच तुमची नोंद.

आणि हो, स्वतःची प्रश्नावलीही तपासा. माझी पहिली प्रश्नावली स्कॅन केलेली पीडीएफ होती.